बर्कलेच्या मुली आणि मिसिसिपीचे ऋण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)





अशा समारंभात वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, असा रिवाज आहे. पण ते तुम्हांला सांगण्याची गरज मला वाटत नाही. ज्या धर्माची सुरुवातच वाचण्याच्या आज्ञेने झाली, त्या धर्माच्या अनुयायांना आणि पोटाला चिमटा घेऊन मुलांची फी भरणाऱ्या आईबापांना ते काय सांगायचे? मी आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊन आले आहे. मुलगी शिकली, पदवीधर झाली, तिला नोकरी लागली. ठीक आहे. पण ते शिक्षण कोणाचे? तिचे एकटीचे? तिच्या घराचे? की ज्या मोहल्ल्यातून ती बाहेर पडली, त्या मोहल्ल्याचाही त्यावर काही हक्क आहे?

या प्रश्नाचे उत्तर उपदेश करून देता येत नाही. म्हणून मी तुम्हांला एक हकिकत सांगणार आहे. ती आपल्या गावची नाही, आपल्या देशाचीही नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलींनी स्थापन केलेल्या एका भगिनीमंडळाची ती हकिकत आहे. तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या ख्रिस्ती बायकांची गोष्ट आम्हांला कशाला? त्याला माझे दोन जबाब आहेत. पहिला असा की, आफ्रिकेतून बेड्या घालून अमेरिकेत नेलेल्या गुलामांत आपले धर्मबांधवही होते. ओमर इब्न सईद नावाच्या एका गुलामाने १८३१ साली स्वतःची जीवनकथा अरबीत लिहून ठेवली, ती आजही जपून ठेवलेली आहे. दुसरा असा की, महाराष्ट्राचे आणि त्या लोकांचे नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले, तेव्हा ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली तेथील कृष्णवर्णीय विचारवंत डॉ. ड्युबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. आपल्या थोरांनी ज्यांच्याकडे पाहिले, त्यांच्याकडे आपणही पाहायला हरकत नाही.

अमेरिकेतील कॉलेजांत विद्यार्थ्यांची मंडळे असतात. मुलांच्या मंडळाला फ्रॅटर्निटी म्हणतात आणि मुलींच्या मंडळाला सॉरॉरिटी. लॅटिन भाषेत 'सोरोर' म्हणजे बहीण. म्हणून सॉरॉरिटी म्हणजे भगिनीमंडळच. या मंडळांची नावे ग्रीक मुळाक्षरांवरून ठेवण्याची तिकडे पद्धत आहे आणि प्रत्येक कॉलेजात किंवा गावात मंडळाची शाखा असते. गोऱ्यांच्या मंडळांत कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश नव्हता. मग त्यांनी आपली मंडळे स्वतः काढली.

त्यांतले पहिले मंडळ १५ जानेवारी १९०८ रोजी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाले. त्याचे नाव अल्फा कॅपा अल्फा. एथेल हेजमन नावाच्या विद्यार्थिनीने पुढाकार घेतला आणि नऊ मुलींनी मिळून ते उभे केले. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली. म्हणजे मधे जेमतेम त्रेचाळीस वर्षे गेली होती. या मुलींच्या आजीआजोबांच्या पिढीला गुलामगिरीची आठवण होती आणि दक्षिणेकडील अनेक राज्यांत त्या पिढीला अक्षरओळख करून देणे हा एकेकाळी गुन्हा होता. अशा घरांतल्या नातींनी हे मंडळ स्थापन केले. पाच वर्षांनी त्याच विद्यापीठात बावीस मुलींनी डेल्टा सिग्मा थीटा हे दुसरे मंडळ काढले आणि स्थापनेनंतर दोन महिन्यांच्या आतच, ३ मार्च १९१३ रोजी, स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या मोठ्या मिरवणुकीत त्या सामील झाल्या.

आता या मंडळाच्या एका शाखेकडे आपण जाऊ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया राज्यात बर्कले नावाचे गाव आहे. तेथे त्या राज्याचे मोठे विद्यापीठ आहे. १९२० साली आयडा लुईस जॅक्सन नावाची मुलगी तेथे शिकायला गेली. तिचा जन्म १९०२ साली दूर दक्षिणेला, मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्ग गावी झाला होता. मिसिसिपी म्हणजे कापसाचा मुलूख आणि काळ्या माणसाला सर्वांत जाचक असलेला मुलूख. तिचे शिक्षण तेथील आणि शेजारच्या राज्यातील कृष्णवर्णीयांच्या शाळा-कॉलेजांत झाले आणि १९१८ साली ती आईबरोबर कॅलिफोर्नियात आली. बर्कलेच्या त्या हजारो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात तिच्या आठवणीप्रमाणे कृष्णवर्णीय विद्यार्थी होते सतरा. त्यांत मुली आठ.

विद्यार्थिनींनो, या आठ मुलींचा जरा विचार करा. वर्गात शेजारच्या बाकावर बसणारी मुलगी तुमच्याशी बोलत नाही. चांगली वागते, पण बोलत नाही. तुम्ही तेथे आहात याची कोणी दखलच घेत नाही. शिव्या देणाऱ्याला निदान उत्तर देता येते; पण जो तुमच्याकडे पाहतच नाही, त्याला काय उत्तर देणार? अशा जागी हुशार मुलगीही हळूहळू खचते. घरी येऊन म्हणते, मला नाही जायचे. आईबापांना वाटते, मुलीला अभ्यास झेपत नाही. अभ्यास झेपत असतो; एकटेपणा झेपत नसतो.

आयडाने आणि तिच्या मैत्रिणींनी यावर उपाय काढला. १९२१ साली त्यांनी अल्फा कॅपा अल्फाची 'ऱ्हो' नावाची शाखा बर्कलेत सुरू केली. त्याच वर्षी व्हिव्हियन ऑसबोर्न नावाच्या दुसऱ्या विद्यार्थिनीने डेल्टा सिग्मा थीटाची शाखाही तेथेच काढली. मूठभर मुली आणि दोन शाखा! कोणी हसेलही. पण आता त्यांना एक दार मिळाले होते, जेथे टकटक केल्यावर आतून आपले माणूस उत्तर देईल.

या शाखेच्या सुरुवातीच्या काळातील एक प्रसंग आयडाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत सांगितला आहे. विद्यापीठाचे एक वार्षिक पुस्तक निघत असे, आपल्या या स्मरणिकेसारखेच. त्यात सर्व मंडळांचे फोटो छापले जात. ऱ्हो शाखेच्या मुलींनीही फोटो काढून घेतला आणि ठरलेले पैसे भरले. पुस्तक हाती आले, त्यात सगळ्यांचे फोटो होते, यांचा नव्हता. त्या विचारायला वर गेल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, तुम्ही या विद्यापीठाच्या विद्यार्थिवर्गाचे प्रतिनिधित्व करीत नाही. पैसे घेतले होते, नाव पटावर होते, परीक्षा त्याच दिल्या जात होत्या. पण फोटोत जागा नव्हती.

आपल्यापैकी अनेकांना असे अनुभव आले असतील. भाड्याने घर शोधताना, मुलाखतीला गेल्यावर, नाव सांगितल्याबरोबर समोरच्याचा चेहरा बदलताना आपण पाहतो. अशा वेळी माणसापुढे दोन सोप्या वाटा असतात. एक म्हणजे रागाने सगळे सोडून घरी बसायचे. दुसरी म्हणजे आपले नाव, आपले घर, आपली माणसे लपवून त्यांच्यातला एक होऊन जायचे. बर्कलेच्या मुलींनी या दोन्ही वाटा घेतल्या नाहीत. त्यांनी शाखा चालू ठेवली आणि अभ्यास पुरा केला. आयडा १९२२ साली पदवीधर झाली आणि १९२३ साली तिने एम. ए. केले.

तरी नोकरी मिळेना. ज्या ओकलंड शहरात ती राहत होती, तेथील सरकारी शाळांनी तोवर एकही कृष्णवर्णीय शिक्षक नेमला नव्हता. तिने आधी राज्याच्या पार दक्षिण टोकाला जाऊन शिकवले आणि १९२० च्या दशकाच्या मध्यास ओकलंडच्या शाळाखात्यात तिची नेमणूक झाली. त्या शहरातील ती पहिली कृष्णवर्णीय शिक्षिका. विरोध झाला. ती शिकवीत राहिली.

येथवरची गोष्ट म्हणजे एका जिद्दी मुलीची गोष्ट आहे. अशा गोष्टी आपण बक्षीस समारंभात नेहमी ऐकतो आणि टाळ्या वाजवून घरी जातो. मला तुम्हांला जे सांगायचे आहे, ते याच्या पुढे आहे.

या मंडळाचा एक नियम फार शहाणपणाचा आहे. पदवी मिळाली, कॉलेज सुटले, म्हणून सभासदत्व संपत नाही. शिकून बाहेर पडलेल्या स्त्रियांच्या वेगळ्या शाखा गावोगाव असतात. शिक्षिका, परिचारिका, डॉक्टर, कारकून स्त्रिया त्यांत असतात. ठरल्या वेळी भेटतात, वर्गणी भरतात, जमाखर्च मांडतात आणि वर्षाचे काम ठरवतात. आयडा जॅक्सन अशीच काम करीत राहिली आणि १९३३ ते १९३६ या काळात अल्फा कॅपा अल्फाची राष्ट्रीय अध्यक्षा झाली. अध्यक्षा झाल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला तो मिसिसिपीचा. जेथून ती निघून आली होती, तेथेच परत जायचे तिने ठरवले.

मिसिसिपीतील कापूसशेतीची रीत सांगायला हवी. कोकणातल्या मंडळींना खोत आणि कूळ हे नाते माहीत आहे, त्यांच्या ध्यानात ते लगेच येईल. जमीन गोऱ्या मालकाची. राबणारे कुटुंब काळे. पीक वाटून घ्यायचे असा करार. पण बियाणे, मीठपीठ, कापड सगळे मालकाच्याच दुकानातून उधारीवर घ्यायचे आणि हिशेबाची वही मालकाच्या हातात. हंगाम संपला की वहीत पुन्हा देणेच निघायचे. शाळा वर्षातून काही महिने, तीही कापूस वेचणीच्या सोयीने. शिकवणारी शिक्षिका स्वतःच कशीबशी शिकलेली.

१९३४ च्या उन्हाळ्यात आयडाबाईंनी होम्स काउंटीतील लेक्सिंग्टन गावी अशा खेड्यांतील शिक्षिकांसाठी उन्हाळी शाळा भरवली. अरेनिया मॅलरी नावाच्या बाई तेथे कृष्णवर्णीय मुलांची एक शाळा मोठ्या कष्टाने चालवीत होत्या, त्यांनी जागा दिली. पण शिकवायला गेलेल्या या स्त्रियांना तेथे निराळेच दिसले. मुले आजारी होती. हिवतापाने खंगलेली, किडलेल्या दातांची, अर्धपोटी. अंगात रक्त नाही, तो मुलगा बाराखडी काय शिकणार? तेव्हा त्यांनी आपली योजना बदलली. आम्ही शिक्षण द्यायला आलो आहोत, तेच देणार, असा हट्ट त्यांनी धरला नाही. आधी आरोग्य, असे ठरले.

या कामाला त्यांना योग्य माणूस मिळाले. डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी या त्यांच्याच मंडळाच्या भगिनी. टफ्ट्स विद्यापीठातून १९२४ साली त्या डॉक्टर झाल्या होत्या. पण गोऱ्यांच्या इस्पितळांनी त्यांना उमेदवारीसाठी घेतले नाही, म्हणून वॉशिंग्टनच्या फ्रीडमेन्स हॉस्पिटलात त्यांनी उमेदवारी केली. १९२९ साली त्यांनी वॉशिंग्टनच्या गरीब वस्तीतील मुलांसाठी एक केंद्र उघडले होते. १९३५ च्या उन्हाळ्यात डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षिका यांची एक तुकडी घेऊन त्या मिसिसिपीला निघाल्या.

अडचणी घरापासूनच सुरू झाल्या. आगगाडीची तिकिटे मागितली, तर काळ्या प्रवाशांना झोपण्याच्या डब्यात जागा देईनात. मग या बायका आपापल्या मोटारी घेऊन निघाल्या. हजारएक मैलांचा रस्ता, बहुतेक कच्चा. वाटेत कोणत्याही हॉटेलात काळ्या माणसाला खोली मिळत नसे. पोहोचल्यावर गावात दवाखाना थाटला, पण रोगीच येईनात. मळेवाल्यांनी आपल्या कुळांना दवाखान्यात जायला परवानगीच दिली नव्हती. उत्तरेकडून आलेल्या या शिकलेल्या काळ्या बायका आमच्या माणसांच्या कानात काहीतरी भरवतील, अशी त्यांना धास्ती होती.

अशा वेळी आपण काय केले असते? बहुधा परत आलो असतो. वर्तमानपत्रात निषेधाचे पत्रक दिले असते, सभा घेतली असती. तेही चुकीचे नाही. पण डॉ. फेरेबींनी वेगळा मार्ग काढला. लोक दवाखान्यात येऊ शकत नसतील, तर दवाखाना लोकांकडे जाईल. औषधे, टेबले, लसीच्या पेट्या मोटारींत भरल्या आणि त्या मळ्यामळ्यांवर गेल्या. कोठे चर्चमध्ये, कोठे शाळेच्या खोलीत, कोठे झाडाखाली दवाखाना मांडला. फिरत्या दवाखान्याची कल्पना आज आपल्याला नवीन नाही. त्या काळी, त्या मुलखात, स्त्रियांनी ती अडचणीतून शोधून काढली. मळ्याचे घोडेस्वार कमरेला पिस्तूल लावून भोवती फिरत आणि या रोग्याशी काय बोलतात, ते ऐकत. त्यांच्या नजरेसमोर त्यांनी मुलांना देवीची आणि घटसर्पाची लस टोचली. दात तपासले. गुप्तरोगांवर उपचार केले. काय खावे, पाणी कसे ठेवावे, तान्ह्या मुलाला कसे न्हाऊ घालावे, हे बायकांना समजावले. दात घासण्याचा ब्रश पुष्कळ मुलांनी आयुष्यात प्रथमच हातात धरला.

हे काम एका उन्हाळ्यापुरते राहिले नाही. १९३५ पासून १९४२ पर्यंत दर उन्हाळ्यात काही आठवडे ते चालले. होम्स काउंटीनंतर त्या बोलिव्हर काउंटीत गेल्या. या सगळ्या स्त्रिया सुट्टीच्या दिवसांत, पगाराशिवाय काम करीत. पैसा मंडळाच्या शाखांनी वर्गणीतून आणि देणगीतून जमवलेला. सुमारे १५,००० माणसांपर्यंत त्या पोहोचल्या, असा हिशेब सांगितला जातो. शेवटी दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर आणि टायरांवर नियंत्रण आले, मोटारी चालेनात, तेव्हा ते थांबले.

हे काम पूर्ण यशस्वी झाले का? नाही, आणि हे मी मुद्दाम सांगते. लस टोचली म्हणजे मालकाची वही बदलत नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच मुलाचे पोट पुन्हा रिकामे असायचे. या स्त्रियांच्याही ते लक्षात आले. रोगाचे मूळ दारिद्र्यात आणि दारिद्र्याचे मूळ हक्क नसण्यात आहे, हे त्यांनी मळ्यांवर पाहिले होते. म्हणून १९३८ साली याच मंडळाने, नॉर्मा बॉइड या ज्येष्ठ भगिनीच्या पुढाकाराने, राजधानीत एक कार्यालय उघडले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांबाबत कायदेमंडळात कोणते विधेयक आले, कोणाला भेटायचे, कोठे निवेदन द्यायचे, हे काम ते कार्यालय पाही. दुसरीकडे डेल्टा मंडळाच्या अध्यक्षा झालेल्या व्हिव्हियन ऑसबोर्न मार्श, म्हणजे बर्कलेतल्याच त्या दुसऱ्या विद्यार्थिनी, यांनी दक्षिणेकडील खेड्यांसाठी फिरत्या वाचनालयाची योजना पुढे आणली. सार्वजनिक वाचनालयांचे दार काळ्यांना बंद होते, म्हणून पुस्तके त्यांच्या दारी न्यायची. बर्कलेच्या मूठभर विद्यार्थिनींतून दोन राष्ट्रीय अध्यक्षा निघाल्या. एकीने आपल्या कारकिर्दीत दवाखाना खेड्यात नेला आणि दुसरीने पुस्तके.

आता दुसरी बाजू. कोणत्याही संस्थेचे नुसते गोडवे गाणे बरे नाही. या मंडळांवर टीकाही झाली आणि ती त्यांच्याच लोकांनी केली. फ्रँकलिन फ्रेझर या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने १९५७ साली आपल्या गाजलेल्या पुस्तकात त्यांना चांगलेच फटकारले. सुखवस्तू घरांतील मुलींचा हा गोतावळा आहे, मेजवान्या आणि कपडे यांवर पैसा उधळतो, असा त्यांचा आक्षेप होता. उजळ रंगाच्या मुलींना झुकते माप मिळते, असेही म्हटले जाई. नव्या मुलींना प्रवेश देताना त्यांचा छळ करण्याची, आपण ज्याला रॅगिंग म्हणतो तशी, वाईट चालही पडली होती. ती इतकी वाढली की १९९० साली अशा आठही कृष्णवर्णीय मंडळांना मिळून प्रवेशाची ती जुनी पद्धत बंद करावी लागली. शिकलेल्या लोकांची जमात झाली की तिला आपलीच ऐट चढते, हा धोका सगळीकडे आहे. आपल्यातही आहे. चार बुके शिकलेला मुलगा मोहल्ल्यातल्या चाचांना सलाम करताना संकोचतो, तेव्हा तो त्याच रोगाचा पहिला ताप समजा.

तरीही ही मंडळे टिकली आहेत. आज त्यांचे सभासद लाखांनी मोजले जातात. अमेरिकेच्या उपाध्यक्षपदी २०२१ ते २०२५ या काळात असलेल्या कमला हॅरिस या हॉवर्ड विद्यापीठात शिकताना अल्फा कॅपा अल्फाच्याच सभासद झाल्या. त्यांच्या आई श्यामला गोपालन १९५८ साली भारतातून शिकायला गेल्या, त्या याच बर्कले विद्यापीठात. पण थोर पदावर कोण गेले, यावरून मी या मंडळाची किंमत करीत नाही. तुम्हीही करू नका. मळ्यावर, झाडाखाली, पिस्तूलवाल्या पहारेकऱ्यासमोर मुलाचा दंड धरून लस टोचणारी ती नाव नसलेली शाळामास्तरीण, ती माझ्या मते या मंडळाची खरी किंमत.

पालकहो, आता मी आपल्याकडे वळते. या हकिकतीतून मला चार गोष्टी घ्याव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट. मुलीला एकटी पाठवू नका, पण घरीही ठेवू नका. दहावीनंतर कॉलेज तालुक्याला आहे, एसटीने जावे लागते, म्हणून किती मुलींचे शिक्षण थांबते, हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुमची काळजी खरी आहे, ती मी खोटी म्हणणार नाही. पण काळजीवरचा उपाय शिक्षण बंद करणे हा नव्हे. सोबत देणे हा आहे. एका मोहल्ल्यातल्या चार मुली एकाच कॉलेजात, एकाच एसटीने जाऊ लागल्या, तर त्या एकमेकींची सोबत होतात. आठ मुलींनी बर्कलेत जे केले, ते चार मुली आपल्या तालुक्यात करू शकतात. पालकांनी प्रवेशाच्या वेळी एकत्र बसून एवढे ठरवले तरी पुरे आहे.

दुसरी गोष्ट. शिक्षण संपल्यावर संस्थेशी नाते संपू नये. आपल्या शाळांतून दर वर्षी मुलेमुली बाहेर पडतात. कोणी परिचारिका होते, कोणी शिक्षिका, कोणी मुंबईला किंवा आखातात नोकरीला जाते. त्यांचे पत्ते तरी आपल्या दप्तरात आहेत का? शिकून गेलेल्या मुलींनी वर्षातून दोनदा शाळेत यावे, दहावीच्या मुलींना अर्ज कसा भरायचा, शिष्यवृत्ती कोठे मिळते, हे सांगावे. यासाठी इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. एक वही लागते आणि ती जपणारी एक व्यक्ती लागते.

तिसरी गोष्ट. लोकांकडे आपण जायचे. सभेची नोटीस लावली, कोणी आले नाही, समाजच मागासलेला, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. डॉ. फेरेबींना तसे म्हणता आले असते. मुलगी शाळेत येईनाशी झाली, तर तिच्या घरी जा. आई शेतावर असेल तर शेतावर जा. आणि गेल्यावर आधी त्यांचे ऐका. कदाचित प्रश्न शिक्षणाचा नसेलच, घरातल्या आजारपणाचा असेल, धाकट्या भावंडाला सांभाळण्याचा असेल. जे दुखते आहे, त्याला आधी हात घाला.

चौथी गोष्ट हिशेबाची. दर वर्षी आपल्यातली अनेक घरे जकात काढतात, सदका देतात. देणाऱ्याची नियत चांगली असते, पण दहा हातांनी दहा ठिकाणी पडलेला पैसा ओलावा धरीत नाही. शिकलेल्या मुलींची छोटी छोटी वर्गणी, नीट ठेवलेला जमाखर्च आणि वर्षाला एकच ठरवलेले काम, एवढ्या बळावर त्या स्त्रियांनी इतके उन्हाळे काढले. सुरुवातीला आपण एवढेच ठरवू या का, की यंदा आपल्या मोहल्ल्यातली एकही मुलगी दहावीनंतर पैशांअभावी थांबणार नाही?

विद्यार्थिनींनो, शेवटचे तुमच्यासाठी. आयडा जॅक्सन ९३ वर्षे जगल्या. १९९६ साली त्या वारल्या. त्याआधी, १९७० च्या दशकात, त्यांनी आपली जमीन त्याच बर्कले विद्यापीठाला देऊन टाकली. अट एकच होती, तिच्या उत्पन्नातून पीएच. डी. करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मदत व्हावी. ज्या पुस्तकात तिला फोटोपुरती जागा मिळाली नाही, त्या विद्यापीठातल्या एका वसतिगृहाला आज तिचे नाव आहे. पण ती जमीन देताना तिने काही मागे मागून घेतले नाही. तिला जो जिना चढताना कोणी हात दिला नव्हता, त्या जिन्याला तिने कठडा बसवला, एवढेच.

तुमच्यापैकी कोणी उद्या मोठ्या शहरात जाईल. तेथे कोणी तुमचे नाव ऐकून तोंड फिरवेल, कोणी फोटोतून गाळेल. त्या दिवशी रडू आले तर रडा, पण शिक्षण सोडू नका आणि आपले नावही सोडू नका. दुसऱ्या दिवशी वर्गात तुमच्यासारखी आणखी कोण एकटी बसली आहे, ते पाहा आणि तिच्या शेजारी जाऊन बसा. ती आपल्या जमातीची असो, वा दुसऱ्या कोणत्याही. आणि शिकून झाल्यावर, वर्षातून एकदा का होईना, ज्या गल्लीतून तुम्ही निघालात, त्या गल्लीत परत या. तेथे एखादी मुलगी दारात उभी राहून वाट पाहत असेल. तिला अजून माहीत नसेल, आपण कोणाची वाट पाहतो आहोत ते.

अल्लाह तुमच्या कष्टांना यश देवो.